चर्चचा घरगुती गट चालवताना आधी माणसं बघा

इंदूरमध्ये आपल्या मराठी मंडळीची घरं एका ठिकाणी नाहीत, कोणी राजेंद्र नगरला, कोणी सुदामा नगरला, कोणी विजय नगरच्या पलीकडे नवीन टाउनशिपमध्ये, आणि रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात पाच मिनिटं "काय, बरं आहे ना" एवढंच बोलणं होतं. म्हणून घरगुती गट लागतो, तरुण मुलं त्याला सेल ग्रुप म्हणतात, जुनी माणसं अजून कॉटेज मिटिंग म्हणतात. पास्टर साहेबांनी तुमच्यावर नवीन गट सोपवला असेल किंवा चालू गट थंड पडला असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. संदेश, म्हणजे प्रवचन, रविवारी होतो, तो देणारा माणूस वेगळा आहे. गटप्रमुखाने आपल्या आठ-दहा माणसांची खबरबात ठेवायची, कोण आलं, कोण नाही आलं, कोण आलं पण सगळा वेळ खाली बघून बसलं, आणि मग त्याचं पुढे काहीतरी करायचं. बाकी सगळं यानंतर.

हे काही आजचं खूळ नाहीये. पवित्र शास्त्रात निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे खटले ऐकत बसलाय, ते बघून सासरे इथ्रो त्याला सांगतात की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील, हजार, शंभर, पन्नास आणि दहा-दहा जणांवर माणसं नेम. आणि पुढे १७४२ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या मंडळीवर सभागृहाचं कर्ज होतं, तर ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, एकाने अकरा जणांची जबाबदारी घ्यायची, दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन गोळा करायची, ज्याला जमत नसेल त्याची आपल्या खिशातून भरायची. आता घरोघरी गेल्यावर दिसायला लागलं की हा दारू पितोय, त्या घरात नवरा-बायकोची भांडणं चाललीयत. पैसे गोळा करायला निघालेली माणसं लोकांची खरी हालत घेऊन परत आली, आणि वेस्लींना कळलं की आपल्याला इतके दिवस हवं होतं ते हेच. मेथडिस्टांचे क्लास, म्हणजे छोटे गट, तिथून सुरू झाले, साधारण बारा जणांचे. म्हणजे अभ्यासाच्या आधी घरी जाणं होतं, हे गटप्रमुखांनी विसरू नये.

किती जण असावेत? माझं मत आठ ते दहा, बारा म्हणजे डोक्यावरून पाणी. हिशोब करून बघा, चर्चेला पाऊण तास धरला तर नऊ जणांना पाच-पाच मिनिटं मिळतात, पंधरा जण झाले की तीन, आणि प्रत्यक्षात काय होतं तर चौघं बोलतात, बाकीचे ऐकतात. आणि आठ जणांत दोन-दोनच्या ओळखी अठ्ठावीस होतात, बाराचे केले की सहासष्ट, एवढी नाती कोण सांभाळणार. पंचवीस जण जमले म्हणून खूश होऊ नका, ती छोटी उपासना झाली, चांगलीच गोष्ट आहे, पण तिथे कोणी आपलं दुखणं काढणार नाही.

घर, वेळ आणि चहा

घर फिरतं ठेवा पण जबरदस्ती नको. ज्यांच्याकडे एकच खोली आहे त्यांच्याकडेही जायचं, त्यांनी बोलावलं तर आवर्जून जायचं, पण ज्यांच्याकडे सासू-सासरे आजारी आहेत किंवा घरमालक कटकट करतो त्यांना यादीत नाव टाकून अडचणीत आणायचं नाही. खाण्याचा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका, चहा आणि एकच काहीतरी, पोहे करा नाहीतर शेव-परमल द्या, बस. हे मी फार कळकळीने सांगतेय कारण घरगुती गट मोडायचं एक मोठं कारण स्वयंपाकघरात असतं. पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी पोहे-जलेबी, तिसऱ्या घरी कचोरी आणि गुलाबजाम, चौथ्या घरची बाई मनात म्हणते की आपल्याला हे परवडत नाही आणि मग त्या आठवड्यात "तब्येत बरी नाहीये" असा मेसेज येतो. शिवाय जिच्या घरी मिटिंग ती सगळा वेळ गॅससमोर उभी, वचनाला नाही, प्रार्थनेला नाही. चहा शेवटी करा आणि दोघातिघांनी मिळून करा, पुरुषांनी कप विसळावेत, त्यात काही कमीपणा नाही.

वेळ दीड तास, साडेसात म्हणजे साडेसात, नऊ म्हणजे नऊ. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत बसलात की वेळेवर येणारे पुढच्या वेळी उशिरा येतात. सुटायची वेळ तर त्याहून जास्त पाळा, दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना असते, कोणाची हॉस्पिटलची शिफ्ट असते. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीला आणि अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या मिरवणुकीच्या रात्री राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, त्या तारखा आधीच बघून ठेवा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा ज्या घरी आहे ते घर तेवढे महिने सोडा.

शेजाऱ्यांचं पण बघावं लागतं. गाणं माइक-स्पीकर न लावता म्हणायचं, दहा जणांना स्पीकर लागतच नाही, टाळ आणि खंजिरी पुरते, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर अभंगाच्या चालीवरच आहेत, आजीला पुस्तक न बघता येतात. गाड्या दुसऱ्याच्या गेटसमोर लावायच्या नाहीत. मल्टीमध्ये, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, राहत असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीच सांगून ठेवा की दर शनिवारी आमच्या चर्चची आठ-दहा माणसं प्रार्थनेला येतात आणि नऊला जातात, लपवाछपवीने संशय वाढतो. मध्य प्रदेशात धर्मांतराबद्दलचा कायदा १९६८ पासून होता आणि २०२१ मध्ये नवीन आला, लालूच, दबाव किंवा फसवून धर्मांतर करणं हा गुन्हा आहे, तेव्हा हा गट मंडळीच्या आपल्या माणसांसाठी आहे हे स्वतःलाही स्पष्ट असू द्या. शेजारची काकू आपणहून येऊन बसली तर मानाने बसवा, चहा द्या, पण नोकरी, पैसे, बरं होण्याची हमी असली भाषा गटात कोणाच्याच तोंडी नको, कायद्यासाठी तर नकोच, आणि प्रभूच्या नावाने असं बोलणं मुळात चुकीचं आहे म्हणूनही नको.

वचन उघडल्यावर

बहुतेक गटप्रमुख इथे गडबडतात, पंचवीस मिनिटं समजावून सांगतात आणि मग विचारतात "कोणाला काही विचारायचंय का?", सगळे माना हलवतात, झालं. त्यापेक्षा छोटा उतारा घ्या, पंधरा ओव्यांच्या वर नको, दोनदा वाचा, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. आपली मुलं घरी मराठी बोलतात पण शाळा हिंदी-इंग्लिश, त्यांना मराठी पवित्र शास्त्र वाचायला दिलं की जोडाक्षराला अडखळतात आणि लाजून पुढच्या वेळी येत नाहीत, त्यांना हिंदीत वाचू द्या.

मग प्रश्न. उदाहरण म्हणून मार्क २ घ्या, १ ते १२ ओव्या, कफर्णहूममधला पक्षाघाताचा माणूस, चौघांनी उचलून आणलेला, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर काढून खाली सोडलेला. "या उताऱ्यातून आपण काय शिकतो?" असं विचारलंत तर उत्तर येईल "विश्वास ठेवावा", आणि विषय संपला. असं विचारून बघा: त्या घरात नेमकं काय-काय दिसतंय, सांगा. खाली बसलेल्यांच्या अंगावर माती पडली असेल तेव्हा कोण काय म्हणालं असेल? घरमालकाचं काय? येशूने कोणाचा विश्वास बघितला असं पाचव्या ओवीत लिहिलंय, त्या माणसाचा का त्यांचा? इथे लोक परत पुस्तकात बघतात, आणि तेच आपल्याला हवं असतं. आणि शेवटी एकच प्रश्न, सध्या तुम्ही बाजेवर आहात का बाज उचलणाऱ्यांत आहात? हा प्रश्न टाकून गप्प बसा. मनात हळूहळू वीसपर्यंत मोजा. गप्प बसवत नाही, आपलंच उत्तर तोंडावर येतं, तरी बसा. चौदा-पंधरावर कोणीतरी घसा साफ करतं, आणि जी मावशी वर्षभर फक्त "आमेन" म्हणत होती ती म्हणते, मी उचलून-उचलून थकले आता. त्यानंतर उरलेले प्रश्न घडी करून खिशात ठेवा, त्या रात्रीचा अभ्यास झाला, आता मावशीचं ऐका.

जास्त बोलणारे प्रत्येक गटात असतात. बहुतेक वेळा जुने, अनुभवी, चर्चमध्ये मान असलेले काका असतात, त्यांना सगळ्यांसमोर तोडायचं नाही. त्यांच्या शेजारी बसा, समोर नको, समोर बसलं की नजरानजर होते आणि त्यांना वाटतं आपल्यालाच विचारतायत. मिटिंगच्या आधी भेटून मदत मागा, "काका, तुम्ही बोललात की मुलं बोलत नाहीत, मला त्यांना बोलतं करायचंय, तुम्ही शेवटी दोन मिनिटं घ्याल का?" अशी मदत मागितलेली कोणालाही आवडते. गप्प असणाऱ्याला मात्र नाव घेऊन प्रश्न विचारू नका, वाचायला सांगा, गाणं निवडायला सांगा, बोलेल तो त्याच्या वेळेने.

प्रार्थनेचे विषय

आता सगळ्यात नाजूक भाग, आणि यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण गटाची तब्येत इथे कळते. ज्या गटात फक्त परीक्षा, प्रवास आणि दूरच्या नातेवाइकाचं ऑपरेशन एवढेच विषय येतात त्या गटात अजून विश्वास बसलेला नाही. खरे विषय वेगळे असतात, मुलगा रात्री उशिरा पिऊन येतो, सून माहेरी गेलीय, फायनान्सचे हप्ते थकलेत, मला जगावंसं वाटत नाही. हे बाहेर यायला महिने लागतात आणि एकदा बाहेर फुटलं तर परत कधीच येत नाही.

फुटतं कसं ते सांगते, वाईट मनाने क्वचितच फुटतं. कोणीतरी दुसऱ्या गटातल्या ताईला म्हणतं, "अमुक कुटुंबासाठी खूप प्रार्थना करा हं", ती विचारते "का, काय झालं?", आणि मग सगळं सांगितलं जातं, प्रार्थनेच्या नावाखाली. रविवारपर्यंत अख्ख्या चर्चला माहीत. म्हणून पहिल्या दिवशी आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी नियम स्पष्ट शब्दांत म्हणून दाखवा: इथे दुसऱ्याने सांगितलेलं बाहेर सांगायचं नाही, घरी नवऱ्या-बायकोला पण नाही, पास्टर साहेबांना सांगायचं असेल तर ज्याचं आहे त्याला विचारून. आणि दुसऱ्याचा विषय गटात आणायचा नाही, फक्त स्वतःचा. कोणी सुरू केलंच, "ती आपली अमुक आहे ना, तिच्या मुलीचं...", तर तिथेच हळूच थांबवा, "काकू, त्या स्वतः सांगतील तेव्हा आपण नक्की प्रार्थना करू, तुमचं सांगा, तुमचे गुडघे कसे आहेत?" एवढं पुरतं, काकूही दुखावत नाहीत.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेळ, पत्ता आणि वचन एवढंच. विषय तिथे लिहायचे नाहीत, स्क्रीनशॉट कुठे जाईल सांगता येत नाही, आणि घरात एकच फोन असतो तो सगळे बघतात.

पण गुप्ततेला हद्द आहे आणि तीही आधीच सांगायची. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर ते "गटातलं गटात" राहत नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, १०९८ वर फोन करता येतो, आणि चर्चची बदनामी होईल म्हणून मिटवा असं कोणी मोठ्या माणसाने सांगितलं तरी ऐकायचं नाही. कोणी जीव द्यायचं बोललं तर त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना घ्या, डॉक्टरकडे न्या, टेली मानसचा १४४१६ नंबर चोवीस तास असतो. बाई मार खात असेल तर तिला आधीन राहण्याच्या ओव्या ऐकवून परत पाठवू नका, १८१ आहे, तिला रात्रीपुरतं सुरक्षित घर लागेल ते बघा. आणि गोळ्या! प्रार्थना झाली, शांत वाटलं, आता शुगरच्या, टीबीच्या नाहीतर डिप्रेशनच्या गोळ्या बंद, असं कोणी साक्षीत सांगितलं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, प्रेमाने पण सगळ्यांसमोर म्हणायचं की डॉक्टरला विचारल्याशिवाय एक पण गोळी सोडायची नाही. याच्यात विश्वास कमी पडत नाही.

आठवड्याचे बाकीचे दिवस

गट शनिवारी जमतो पण तो तयार होतो मधल्या दिवसांत. एक साधी वही ठेवा, प्रत्येकाच्या नावापुढे दोन शब्द, "मंगळवारी एमवाय हॉस्पिटलला तपासणी", "इंटरव्ह्यू", आणि मंगळवारी संध्याकाळी फोन करा, "काय म्हणाले डॉक्टर?" माणसाला कळतं की आपलं बोललेलं कोणीतरी ऐकलं होतं. वही मात्र कुलपात, आणि नाजूक गोष्ट वहीत पण लिहायची नाही. जो सलग दोनदा आला नाही त्याच्या घरी जा, "का आला नाहीत" असं न विचारता, जाताना अर्धा किलो संत्री घेऊन जा आणि बसा, कारण आपोआप निघतं. हॉस्पिटलमध्ये कोणी असेल तर सगळ्यांनी एकदम गर्दी करण्यापेक्षा डबा कोण, रात्री कोण, मुलांना शाळेत कोण सोडणार हे वाटून घ्या.

पैशाचं नीट सांभाळा. गलतीकरांस पत्रात दुसऱ्या ओवीला एकमेकांची ओझी वाहा असं आहे आणि तीनच ओव्या पुढे, पाचवीत, प्रत्येकाने आपला भार वाहावा असं पण आहे (सहावा अध्याय, दोन्ही एकत्र वाचा). अडचण आली, गटाने मिळून एकदा मदत केली, ती चर्चच्या पास्टोरेट कमिटीला सांगून, हिशोब लिहून, परत न मागण्याच्या बोलीवर, हे ठीक. पण गटातल्या दोघांमध्ये उसनवारी, भिशी, इन्शुरन्स पॉलिसी विकणं, चेन मार्केटिंगचे साबण, हे अजिबात नको. पैसे अडकले की दोन्ही घरं गट सोडतात, आणि बहुतेक वेळा चर्च पण.

पुरुष गटप्रमुखाने एकट्या बाईला भेटायला एकट्याने जाऊ नये, बायकोला घेऊन जा नाहीतर गटातल्या मोठ्या ताईला. बायकांचे काही विषय बायकांतच निघतात, म्हणून महिन्यातून एकदा प्रार्थनेच्या वेळी बायका आतल्या खोलीत आणि पुरुष बाहेर असं करा, पुरुष पण तेव्हाच मोकळे होतात. मुलांना सांभाळायला दोन मोठी माणसं, एकटं कोणी नको, दार उघडं.

भांडण झालं तर मत्तय १८ चा क्रम धरा, आधी दोघांत, मग एक-दोन जणांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे हे उलटं होतं, आधी सगळ्यांना कळतं आणि ज्याच्याशी भांडण त्याला शेवटी. तुमच्याकडे कोणी तक्रार घेऊन आलं तर पहिला प्रश्न हाच, तुम्ही त्यांच्याशी बोललात का?

सहायक सुरुवातीपासून घ्या, गट सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत. हुशार बोलणाऱ्यापेक्षा जो खुर्च्या लावतो आणि ज्याला नवीन माणसाचं नाव लक्षात राहतं तो निवडा. त्याला आधी गाण्याचं द्या, मग प्रश्न विचारायला द्या, मग तुम्ही गावाला जा आणि पूर्ण मिटिंग त्याच्यावर सोडा. पास्टर साहेबांना महिन्यातून एकदा भेटून गट कसा चाललाय ते सांगा, कोणाचं गुपित न सांगता, आणि तुमचा स्वतःचा विषय पण त्यांच्यापुढे ठेवा, गटप्रमुखासाठी प्रार्थना करणारं कोणीतरी लागतंच.

गट बारा-तेराच्या वर गेला की दोन करायची वेळ येते, आणि लोकांना हे आवडत नाही, "आमच्यात काय कमी पडलं" असं वाटतं. नावं चिठ्ठ्या टाकून वाटू नका. ज्यांचं एकमेकांशी जमतं, ज्यांची घरं जवळ आहेत, ते एकत्र राहू द्या, राजेंद्र नगरवाले इकडे, विजय नगरवाले तिकडे, नवीन गट सहायकाने घ्यावा आणि त्याच्याबरोबर निदान तीन जुनी माणसं जावीत. दोन महिने आधी सांगा, अचानक नको. वाटणी झाल्यावर पहिले तीन महिने महिन्यातून एकदा दोन्ही गट एकत्र बसवा, कोणाच्या तरी गच्चीवर, आणि त्या दिवशी उतारा-बितारा काही न घेता फक्त गाणी म्हणा, एकमेकांचे विषय ऐका, आणि जेवणाचे डबे ज्याने त्याने घरून आणा.